वणवा आणि एकतीस मार्च

मे महिना होता. लेखा शाखेतला पंखा नुसता गरम वारा खाली ढकलत होता आणि मी मार्चअखेरची व्हाउचरं महिनावार लावून दोऱ्यात ओवत बसले होते. दाराची चौकट धरून एक बाई उभी राहिली. लुगड्याला गुडघ्यापर्यंत धूळ, हातात पिवळी पिशवी, पिशवीत बँकेचं पासबुक. पहाटेच्या एसटीनं निघाली होती.

"म्याडम, जाळरेषेचे पैसे कवा येतीन जी?"

तिनं फेब्रुवारीत अकरा दिवस जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायची जंगलातली मोकळी पट्टी, कापली होती. हजेरीपटावर तिचं नाव होतं, नावापुढे अकरा हजऱ्या, खाली वनरक्षकाची सही, वनपालाची सही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची सही. कागदात कुठे खोट नव्हती. फक्त त्या लेखाशीर्षाखाली पैसे नव्हते. डिसेंबरात मागितलेलं अनुदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं, तेही मागणीच्या निम्म्याहून कमी. त्यातून आधी कोणाची देणी भागवायची हे ठरेपर्यंत एकतीस मार्चची रात्र उलटून गेली होती. आता नव्या वर्षाचं अनुदान येईल तेव्हा. मी तिला पाणी दिलं आणि "येतील" एवढंच सांगितलं. ती "हव जी" म्हणाली आणि परतीच्या एसटीसाठी स्टँडकडे चालत गेली.

मी वनखात्याच्या एका विभागीय कार्यालयात १९९० ते २०२१ अशी एकतीस वर्षं हिशेब लिहिले. कार्यालय पूर्व विदर्भातलं. नाव सांगत नाही, कारण शेजारच्या जिल्ह्यांतले माझ्यासारखेच लेखापाल भेटले की तेही हेच सांगायचे. वणव्याबद्दल अधिकारी लिहितात, वन्यजीव अभ्यासक लिहितात, वर्तमानपत्रं किती हेक्टर जळालं ते छापतात. वणव्याचा पैसा कसा येतो, कधी येतो आणि कोणाच्या हातात पडतो, हे सहसा कोणी लिहीत नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. सरकारचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे चार महिन्यांच्या हंगामातला पहिला दीड महिना जुन्या वर्षात पडतो आणि उरलेले अडीच महिने नव्या वर्षात. ऐन मोहफुलांच्या दिवसांत, जेव्हा जंगलात पाचोळा सगळ्यात जास्त आणि ओल सगळ्यात कमी असते, तेव्हा जुनं अनुदान संपलेलं किंवा परत गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. न खर्चलेली रक्कम एकतीस मार्चच्या रात्री आपल्या हातात राहत नाही. ती आधीच समर्पित करावी लागते. नव्या वर्षाची रक्कम वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं सोडतो, ती मंत्रालयातून नागपूरला, नागपूरहून वनवृत्ताला, वृत्तातून विभागाला अशी उतरत येते. बीम्स म्हणजे अनुदान वाटपाची सरकारी संगणक प्रणाली. "बीम्सवर दिसायला लागलं का?" हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दिवसातून चारदा विचारला जायचा.

हे मला पहिली सात वर्षं खटकलं नाही, कारण मी जंगल फक्त कागदावर पाहिलं होतं. १९९७च्या जानेवारीत आमचे तेव्हाचे विभागीय वनाधिकारी म्हणाले, "मॅडम, ज्या कामाची बिलं तपासता, ते काम एकदा डोळ्यांनी बघा." मी गेले.

दोन कक्षांच्या मधली सहा मीटर रुंदीची पट्टी होती. वीस-बावीस माणसं ओळीनं वाकून गवत, झुडपं, वाकलेले बांबूचे कोंब विळ्या-कुऱ्हाडीनं कापत चालली होती. कापलेलं सगळं त्या पट्टीवरच पसरायचं आणि उन्हात वाळू द्यायचं. आठेक दिवसांनी ते जाळायचं. जाळण्याआधी पट्टीच्या दोन्ही कडा खराट्यानं झाडून काढायच्या, अगदी माती दिसेपर्यंत. मग संध्याकाळ उतरल्यावर, वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावायची. तीस-चाळीस पावलांचा तुकडा एका वेळी. दोन्ही कडांना हिरव्या डहाळ्या घेऊन माणसं उभी. ठिणगी बाहेर उडाली की डहाळीचा एक फटका. तुकडा विझला की पुढचा.

मी ते पाहत उभी राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती मला कुठल्याच बिलात दिसली नव्हती. पट्टीबाहेरचं गवत अजून बुडाशी हिरवट होतं आणि संध्याकाळी त्यावर दव होतं. म्हणून कडेची आग बाहेर धावत नव्हती. मी एका म्हाताऱ्या वनमजुराला विचारलं, हेच काम मार्चमध्ये केलं तर? तो हातातली डहाळी खाली न ठेवता म्हणाला, "मार्चात याच रेषेले काडी लावली तं हेच वणवा होते जी."

म्हणजे जाळरेषेचा पैसा उशिरा आला तर काम फक्त लांबत नाही. ते करताच येत नाही. किंवा केलं तर ज्याच्यापासून जंगल वाचवायचं तेच आपण लावतो. शिवाय एकदा जाळली की रेषा झाली असंही नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची थाळीएवढी पानं गळतात आणि जाळलेली पट्टी पुन्हा झाकून टाकतात. ती दर आठ-दहा दिवसांनी झाडावी लागते. आता त्यासाठी पाठीवर अडकवायचे ब्लोअर आलेत, पण त्यांना ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं, आणि पेट्रोल रोख मिळतं.

परत आल्यावर मी मागच्या सहा वर्षांच्या अनुदान नोंदवह्या काढल्या. जाळरेषेची पूर्ण रक्कम जानेवारीत हातात असल्याचं एकही वर्ष सापडलं नाही. तरी दरवर्षी बऱ्याच रेषा झालेल्या होत्या. त्या कशावर झाल्या? वनरक्षकाच्या शब्दावर. तो गावात जातो, ओळखीच्या माणसांना म्हणतो, "चला, पैसे येतील." पंपावाल्याकडे उधारी मांडतो, कधी स्वतःच्या पगारातून भरतो. माझ्याकडे एकदा तीनशे चाळीस रुपयांच्या पेट्रोलची पावती आली होती, सात महिन्यांपूर्वीची, घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. त्या वनरक्षक पोरानं ती इतके दिवस पाकिटात सांभाळली होती. देशाचं वन वाचवण्यातला एक हिस्सा असा बिनव्याजी उधारीवर चालतो, आणि ती उधारी देणारे आपल्यातले सगळ्यात गरीब लोक असतात.

आग लागते कशी, हेही इथे सांगितलं पाहिजे, कारण खर्च कुठे करायचा ते त्यावरून ठरतं. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या आगी माणसानं लावलेल्या असतात. वीज पडून पेटणारं जंगल हे आपल्या भागात क्वचित. माझी आजी मोहफुलं वेचायची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं टपटपतात. पिवळसर, रसाळ, बोराएवढी. ती पाचोळ्यात पडली की दिसत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवायचा, जमीन काळी स्वच्छ झाली की पहाटे फुलं चांदण्यांसारखी दिसतात. आजी आग विझेपर्यंत झाडाखाली बसून राहायची. पण सगळेच बसत नाहीत, आणि वारा कोणाचं ऐकत नाही. तेंदूपत्त्याचंही तसंच. खालचं झुडूप जळलं की त्याला नवी, कोवळी, बिडीला चांगली पानं फुटतात, म्हणून हंगामाआधी आग लावली जाते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहे, आणि आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागली असेल तर कलम २६ खाली राज्य सरकार त्या वनातला चराईचा आणि वनोपजाचा हक्कही काही काळ थांबवू शकतं. पण ज्या घराचं दोन महिन्यांचं रोख उत्पन्न मोहफुलांवर आहे, त्याला कलम दाखवून भागत नाही. मोहाच्या झाडाखाली बांधायची जाळी त्याहून उपयोगी पडते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये अशा जाळ्यांचा वापर झालाय. फुलं जाळीत पडतात, पाचोळा पेटवायचं कारणच उरत नाही, आणि मातीत न पडल्यानं फुलांना भावही बरा मिळतो. ही जाळीसुद्धा मार्चच्या आधी झाडाखाली असावी लागते.

वणवा मी एकदाच जवळून पाहिला. एप्रिलची संध्याकाळ होती. एका वनपरिक्षेत्राची तपासणी आटोपून जीपनं परत येत होतो. वळणावर चालकानं गाडी थांबवली. चित्रात दाखवतात तशा झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलेल्या ज्वाळा नव्हत्या. आपल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात आग जमिनीलगत चालते. गुडघ्याएवढी, लांबच लांब वाकडीतिकडी ओळ, आणि ती चालण्याच्या वेगानं पुढे सरकत होती. मधूनच बांबूची पेरं बंदुकीसारखी फुटत होती. पाच माणसं होती, एक वनरक्षक आणि चार फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवणारे हंगामी मजूर. तोंडाला ओला दुपट्टा, हातात डहाळ्या. एक ब्लोअर होता, तो पेट्रोल संपून बाजूला पडला होता. वनरक्षकाच्या फोनवर याच आगीचा एसएमएस आलेला होता, अक्षांश-रेखांशासकट. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपते आणि थेट बीटपर्यंत, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीपर्यंत, संदेश पाठवते. २००४पासून हे काम चाललंय, आणि २०१७पासून जो नवा उपग्रही संवेदक वापरात आला त्यानं पावणेचारशे मीटरच्या चौकोनापर्यंत आग ओळखता येते. फार मोलाची सोय आहे ही. आभाळातून बातमी अशी पोचते आणि जमिनीवर पाच माणसं, एक रिकामा ब्लोअर. आमच्या चालकानं जीपच्या टाकीतून नळीनं पेट्रोल काढून दिलं. त्या पेट्रोलचा हिशेब लॉगबुकात कसा लिहायचा, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर आला. मी तो खरा होता तसा लिहून घेतला.

सकाळपर्यंत आग विझली. वर सागाची मोठी झाडं उभी होती, त्यामुळे अहवालात मोठं नुकसान दिसलं नाही. पण खाली दोन-तीन वर्षांची जी रोपं वर यायला धडपडत असतात, ती सगळी काळी झाली होती. दरवर्षी असं होत राहिलं की वरची झाडं म्हातारी होतात आणि त्यांच्या जागी यायला खाली कोणी उरत नाही. आमच्या अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

केंद्र सरकार आणि जागतिक बँक यांनी २०१८ साली मिळून एक अहवाल काढला होता. वणव्यांमुळे वनांची जी हानी होते तिचा हिशेब त्यात, हात राखून, वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपये असा मांडला आहे. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन अशी केंद्राची स्वतंत्र योजना २०१७ साली आली. त्याआधी हाच पैसा वन व्यवस्थापनाच्या एका मोठ्या योजनेतून यायचा. नव्या योजनेत आपल्यासारख्या राज्यांना केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, हिमालयातल्या आणि ईशान्येकडच्या राज्यांना ९० आणि १०. सुरुवातीच्या वर्षांत या योजनेची रक्कम साऱ्या देशाला मिळून वर्षाला पन्नास कोटींच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहिली. आणि पुढचा हप्ता हवा तर मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आधी द्यायचं. नियम म्हणून हे बरोबर आहे, मी स्वतः अशी कितीतरी प्रमाणपत्रं तयार केली. पण तो कागद खालून वर जाईपर्यंत आणि पैसा वरून खाली येईपर्यंत रानातलं गवत वाळायचं थांबत नाही. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या एका हंगामात देशात उपग्रहांनी आगीचे २,०३,५४४ ठिपके नोंदवले.

आमच्या कार्यालयाच्या भांडारात एक जुना बिनतारी संच होता. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होती आणि दरवर्षी पडताळणीत मी त्याच्यापुढे खूण करायचे. तो कुठून आला हे एका निवृत्तीला आलेल्या वनपालांनी मला सांगितलं. १९८४च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं आधुनिक वणवा नियंत्रणाचा एक प्रकल्प भारतात दोन ठिकाणी सुरू झाला. एक हल्द्वानी आणि दुसरं आपलं चंद्रपूर. निरीक्षण मनोरे, बिनतारी संच, शिकवून तयार केलेली पथकं, आग लागायच्या आधी करायच्या कामांचं वेळापत्रक. त्यांच्या सांगण्यात अभिमान होता. "मनोऱ्यावर माणूस बसला असायचा, धूर दिसला की दहा मिनिटांत निरोप," असं ते म्हणायचे. पुढे केंद्रानं ती कल्पना योजना म्हणून इतर राज्यांत नेली. पण प्रकल्पाचा पैसा जसा वेळेवर आणि बांधून दिलेला असतो, तसा योजनेचा नसतो. म्हणजे काय करायचं हे चाळीस वर्षांपूर्वी चंद्रपूरच्याच जंगलात शिकून झालेलं आहे. दरवर्षी ते करत राहायला जो नेमाचा पैसा लागतो, तोच मिळाला नाही.

मग पैसा देशात नाहीच का? आहे. खाण, धरण, रस्ता यासाठी वनजमीन दिली की त्या वनाचं आजचं मूल्य आणि भरपाई वनीकरणाचा खर्च प्रकल्पवाल्यांकडून वसूल होतो. विदर्भात कोळशाच्या खाणींमुळे हे सगळ्यांना माहीत आहे. हा पैसा वर्षानुवर्षं दिल्लीत साठत राहिला. २०१६ साली भरपाई वनीकरण निधीचा कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९मध्ये केंद्रानं राज्यांना ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ३,८४४ कोटी. आम्ही त्याला 'कॅम्पा' म्हणतो. नियमांप्रमाणे या पैशातून वणवा रोखण्याची कामं करता येतात. आणि लेखापाल म्हणून मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी: हा निधी लोकलेख्यात असतो आणि ३१ मार्चला व्यपगत होत नाही. उरला तर पुढच्या वर्षी राहतो.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. जाळरेषा, फायर वॉचरची मजुरी आणि ब्लोअरचं पेट्रोल एवढा तरी खर्च अशा न संपणाऱ्या खात्यातून व्हावा. १ नोव्हेंबरला तो वनपरिक्षेत्रापर्यंत पोचलेला असावा, आणि प्रत्येक बीटला थोडी आगाऊ रक्कम हाताशी असावी, जिचा हिशेब १५ जूननंतर घ्यावा. हिशेब कडक घ्या. कॅम्पाच्या पैशाचं काय होऊ शकतं हे उत्तराखंडच्या बाबतीत कॅगच्या अहवालातून २०२५ साली सगळ्यांनी वाचलंच. आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, एकूण १३.८६ कोटी रुपये भलतीकडे वळवले गेले होते. अशा बातमीनंतर वरचे लोक आणखी चार सह्या वाढवतात. पण त्या चार सह्यांनी फ्रिज घेणारा अडत नाही, पेट्रोलची पावती पाकिटात घेऊन फिरणारा अडतो. हे मी एकतीस वर्षं पाहिलंय.

२०२०च्या सप्टेंबरमध्ये माझ्या भाच्यानं सॅन फ्रान्सिस्कोजवळून फोटो पाठवला. सकाळी दहा वाजता आभाळ नारिंगी, रस्त्यावर दिवे लागलेले. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर. मी फोनवर त्याला आधी तब्येतीचं विचारलं आणि मग न राहवून विचारलं, "तुमच्या सरकारचं आर्थिक वर्ष कधी संपतं रे?" तो हसला, पण त्यानं शोधून सांगितलं: ३० सप्टेंबर. म्हणजे तिथलाही वणव्याचा हंगाम वर्षाअखेरीलाच येऊन आदळतो. नंतर मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. अमेरिकेच्या वनसेवेच्या एकूण खर्चात १९९५ साली वणव्याचा वाटा १६ टक्के होता, २०१५ साली तो निम्म्याच्या वर गेला. उन्हाळ्याच्या शेवटी आग विझवायचा पैसा संपला की ते इतर कामांची रक्कम त्याकडे वळवत. त्यातच जंगल विरळ करण्याची, सुकी झुडपं काढण्याची रक्कमही जायची, म्हणजे ज्या कामानं पुढच्या वर्षीची आग कमी झाली असती तेच बंद. इतक्या श्रीमंत देशाची खतावणी आमच्यासारखीच अडलेली वाचून मला आश्चर्य वाटलं. पण त्यांनी मार्च २०१८मध्ये कायदा केला. मोठ्या वणव्यांसाठी वेगळा निधी राखून ठेवायचा, २०२०च्या आर्थिक वर्षात २.२५ अब्ज डॉलर, आणि वाढत वाढत २०२७मध्ये २.९५ अब्ज. विझवायचा खर्च वाढला तरी जंगल सांभाळण्याच्या पैशाला हात लागू नये म्हणून. वणवे त्यानं थांबले नाहीत. हिशेबातला एक दोष मात्र त्यांनी ओळखला आणि कायद्यानं दुरुस्त केला.

आपल्याकडे हा विषय सर्वोच्च न्यायालयात मे २०२४मध्ये गाजला. उत्तराखंड जळत होतं. ज्या खंडपीठापुढे सुनावणी झाली त्याचे प्रमुख न्यायमूर्ती भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे. वणव्यासाठी १० कोटी मागितले असताना ३.१५ कोटीच का दिले, असं न्यायालयानं विचारलं, आणि ऐन हंगामात वनकर्मचाऱ्यांना निवडणुकीच्या कामाला का लावलं, असंही. ती बातमी मी दोनदा वाचली. मागणी आणि मंजुरी यांतली ती तफावत मी आयुष्यभर रकान्यांत लिहीत आले होते, पण कोणी मोठ्यानं विचारल्याचं पहिल्यांदा ऐकलं. त्याच मे महिन्यात तिथल्या सरकारनं चीडाची वाळलेली सुईसारखी पानं, ज्याला ते पिरूल म्हणतात, ती गोळा करणाऱ्याला किलोला ५० रुपये द्यायची मोहीम जाहीर केली. कल्पना फार चांगली, गावाला पैसा आणि जंगलाला मोकळी जमीन. पण मे महिन्यात. पुढच्याच महिन्यात, १३ जूनला, अलमोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण होरपळून मेले.

आणि नागझिरा. ८ एप्रिल २०२१. गोंदिया जिल्ह्यातल्या त्या अभयारण्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर मेले, दोघे गंभीर भाजले. मी त्या वर्षी निवृत्त होणार होते. बातमी आली तेव्हा आमच्या शाखेत कोणी बोललं नाही. आपल्या हजेरीपटांवरची नावं प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होती. हंगामी मजूर म्हणजे चार महिन्यांचा रोजंदार. जाड कापडाचा गणवेश नाही, चांगले बूट नाहीत. आगीनं वारा फिरवला तर पळायचं कुठे, याचं शिक्षणही धड नाही. हे सगळं विकत मिळतं. त्याची मागणीपत्रं मी टाइप केलेली आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण मला या सगळ्यात वेगळं वाटतं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्या ग्रामसभेला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी बसून स्वतःचे नियम केले आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि आग लावली जाते. हातातलं रोख उत्पन्न सोडलं आणि बांबूवर उभे राहिले. बांबू जळला तर उत्पन्नच जळतं, तेव्हा राखण ते आपली आपणच करतात. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात असतो, आणि तो कधी खर्चायचा हे गावच ठरवतं. वणव्याचा थोडा पैसा ग्रामसभांच्या खात्यात सरळ जावा असं मी निवृत्तीनंतर दोन बैठकांत बोलले. हिशेब कोण ठेवणार, असं दोन्हीकडे विचारलं. मी म्हटलं, मी शिकवते. शिकवतेही आहे, तीन गावांत, महिन्यातून एकदा जाऊन. रोकडवही, पावतीपुस्तक, ठराव. बायका पटकन शिकतात.

त्या पिवळ्या पिशवीवाल्या बाईचे अकरा दिवसांचे पैसे ऑगस्टमध्ये तिच्या खात्यात जमा झाले. जमा झाल्याचा शेरा मी स्वतः लिहिला. पुढच्या जानेवारीत त्याच बीटचा वनरक्षक जाळरेषेच्या माणसांची यादी घेऊन आला तेव्हा मी तिचं नाव शोधलं. नव्हतं. आदल्या वर्षीच्या बावीसपैकी सहाच नावं होती. बाकीचे कुठे गेले, विचारलं. "मिरची तोडाले तेलंगणात गेले," तो म्हणाला. "तिकडं आठवड्याच्या आठवड्याले पैसे देतेत, म्याडम."